सोपानकाकांची पांढरी भिंत

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलसमोर, रस्त्याच्या कडेला, एका खांबावर निळी पाटी उभी आहे. ओतीव धातूची, सोनेरी उठावाच्या अक्षरांची. अमेरिकेत कुठे काही घडून गेलं असलं की गावाची इतिहास समिती तिथे अशी पाटी लावते. आमच्या पाटीवर ओरेस्ते बेलमोंदी नावाच्या चित्रकाराचं नाव आहे. तो इटलीतून आला, न्यू जर्सीतल्या आमच्या या लहानशा गावात राहिला, आसपासच्या कितीतरी चर्चच्या भिंती त्याने चित्रांनी भरल्या आणि त्यातलं हे एक, असं तिच्यावर लिहिलं आहे. मजकूर पाच ओळींचा. तो मी लिहिला. इंग्रजी शुद्ध आहे, माहितीही खोटी नाही. तरी पार्किंगमध्ये गाडी लावताना मी त्या पाटीकडे बघायचं टाळते.

ती पाटी लागावी म्हणून ज्यांनी जिवाचं रान केलं ते सोपानकाका शेलार आता नाहीत. कराडला, स्वतःच्या घरी, झोपेत गेले. इथे ते ज्याच्याकडे राहत त्या त्यांच्या मुलाचा, संदीपचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला आणि बसून राहिले. मीटिंग पुढे चालू होती आणि कुणीतरी मला दोनदा विचारलं, अनघा, तू म्यूटवर आहेस का.

सोपानकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. चपला काढायच्या, मफलर सोडायचा आणि उजव्या हाताच्या पेरांनी भिंतीवर दोनदा टकटक करून कान द्यायचा. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून सगळी नोकरी गेलेली, त्यामुळे ही खोड हाडीमाशी मुरलेली. अमेरिकेतल्या घरांच्या भिंती आतून पोकळ असतात, लाकडाच्या उभ्या पट्ट्या आणि त्यावर ड्रायवॉलचे पातळ तक्ते. काकांना ते कधीच पटलं नाही. ‘पुठ्ठ्यात राहता रे तुम्ही,’ असं ते इतक्या कळवळ्याने म्हणायचे की आपल्यालाच स्वतःची कीव यावी.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझा नवरा नितीन हॉलमध्ये एक जड आरसा लावत होता. काकांनी टकटक केली आणि सांगितलं, इथं मागं लाकूड नाही, पडेल. नितीनने त्यांना खास ड्रायवॉलसाठी मिळणाऱ्या स्क्रूची महती ऐकवली. तिसऱ्या दिवशी आरसा आवाज करून खाली आला. काकांना कळलं तेव्हा त्यांनी ‘सांगितलं नव्हतं?’ असं एका शब्दानेही म्हटलं नाही. खिशातून ओळंबा काढला, पेन्सिल कानावर ठेवली, भिंतीवर पेरं टेकवत टेकवत लाकूड शोधलं आणि नवा आरसा लावून दिला. ओळंबा खिशात घेऊन न्यू जर्सीत हिंडणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

एकदा आयसेलिनला ओक ट्री रोडवर सूनबाई साड्यांच्या दुकानात शिरल्या आणि काका बाहेर थांबले. दीड तासाने त्या बाहेर येतात तो काका गायब. तीन दुकानं पलीकडे एका हॉटेलची भिंत बांधायचं काम चाललं होतं, तिथे ते थापी हातात घेऊन विटा लावत होते. गवंडी ग्वातेमालाचे, त्यांना स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. काकांना मराठीशिवाय काही बोलायचं नव्हतं. वीट लावण्याआधी ती भिजव, असं काका हातांनी सांगत होते आणि ते हसून माना डोलवत होते. नव्या स्वेटरला सिमेंट लागलं म्हणून सूनबाई आठवडाभर धुसफुसत होत्या. काका मात्र जो भेटेल त्याला सांगत होते की आज अकरा विटा लावल्या.

त्यांचे वडील गवंडी. घराशेजारी चुन्याची घाणी होती: दगडी गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाकाला जुंपलेला बैल. लहानपणी शाळेतून आलं की बैलामागे फिरायचं काम काकांकडे. चुना किती दिवस मुरवायचा, त्यात गुळाचं पाणी कधी घालायचं, हिरड्याचं कधी, हे ते आपण पोह्यांची कृती सांगतो तसं सांगायचे. वडिलांचं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे: हात लावल्याबिगर भिंत कळत न्हाई. मला हे वाक्य आज लिहितानाही त्रास होतो.

आमच्या मंडळाला बरीच वर्षं स्वतःची जागा नव्हती. गणपती शाळेच्या जिममध्ये बसायचा आणि रविवारी संध्याकाळी बास्केटबॉलवाले आले की उठायचा. मग गावातलं एक चर्च बंद पडलं. येणारी माणसं म्हातारी होऊन संपली होती, इमारत विकायला निघाली आणि आम्ही ती घेतली. अध्यक्ष मिलिंद, मूळचा नागपूरचा, मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्याने कागदपत्रांसाठी सहा महिने खस्ता खाल्ल्या, हे त्याच्याबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल फारसं बरं लिहिणार नाही.

चाव्या मिळाल्या त्या दिवशी आम्ही पंचवीसेक माणसं आत गेलो. उंच छत, काळवंडलेल्या भिंती, भिंतींवर माणसंच माणसं. दाढीवाले संत, निळ्या वस्त्रातल्या बायका, पंखवाली मुलं. वर्षानुवर्षांच्या मेणबत्त्यांची काजळी सगळ्यांच्या तोंडावर बसलेली. एका कोपऱ्यात छत गळून पोपडे आले होते. आम्ही फोटो काढले, आमचे. त्या चित्रांचं काय करायचं यावर चर्चा झाली ती फार तर दहा मिनिटं. कुणाच्या देवाचा अपमान करायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत. पण समोर गणपती आणि बाजूला हे सगळे, ते बरं दिसणार नाही, यावरही एकमत. शिवाय नव्या जागेत शिरताना भिंतींना रंग हवाच. गणपती तीन आठवड्यांवर आलेला. बांधकामातलं कळणारा माणूस आमच्यात एकच, तेव्हा सगळ्यांनी सोपानकाकांकडे पाहिलं.

काकांनी खालून मान वर करून भिंती पाहिल्या. पोपडे पाहिले. ऑइलपेंट आहे, सुटायला लागलाय, खरवडून प्रायमर मारू आणि वर दोन हात पांढरा, असा निर्वाळा दिला. पुढे त्यांनी मला सांगितलं की त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या गावचं देऊळ होतं. जत्रेच्या आधी दर दोन-तीन वर्षांनी गावकरी देवळाच्या भिंती पांढऱ्या करतात आणि पेंटरला बोलावून देव पुन्हा काढून घेतात. जुनं चित्र ठेवायचं असतं हे तिथे कुणाच्या मनातही येत नाही. चित्र जातं, देव राहतो. काका त्याच भाबडेपणाने म्हणाले होते, त्यांचे देव काय ह्या भिंतीत अडकून बसलेत व्हय, ते गेले त्यांच्या माणसांबरोबर.

दोन शनिवार-रविवार काम चाललं. मंडळाचे सगळे इंजिनियर भाड्याच्या मचाणावर चढले, आधी लोखंडी पात्यांनी भिंती खरवडल्या, मग रोलर फिरवले. काकांचे गुडघे दुखत, म्हणून ते मध्यभागी खुर्ची टाकून बसले आणि तिथून हुकूम सोडत राहिले. डावीकडं राहिलं, वरनं खाली घ्या, हात दाबून मारा. मी पोहे केले. रविवारी संध्याकाळी शेवटचा कोपरा पांढरा झाला तेव्हा टाळ्या वाजल्या आणि कुणीतरी म्हणालं, ‘एकदम ब्राइट झालं यार.’ खरंच झालं होतं. त्या वर्षीच्या गणपतीचे फोटो फार छान आले.

पुढच्या वसंतात भिंतीला फुगे आले. आधी दोन-चार, मग तळहाताएवढे, आणि खाली फरशीवर मिठासारखी पांढरी पूड. मिलिंदने काकांना बोलावलं. मी किल्ली घेऊन गेले, म्हणून मी तिथे होते. काकांनी शिडी मागितली. गुडघ्यांचं काय, म्हटलं, तर ऐकेनात. पाच पायऱ्या चढले, टकटक केली, आणि मग एका फुग्याखाली नख घालून त्यांनी तो उचलला. रंगाचा पापुद्रा आला, आणि त्याच्या पाठीला चिकटून गिलाव्याचा एक तुकडा हातात आला. निळा. काकांनी तो आडवा मोडला. रंग वरवर नव्हता, आतपर्यंत गेलेला होता. त्यांनी तो तुकडा जिभेला लावला.

मग ते खाली उतरले आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसले. मी घाबरून विचारलं, काका, बरं वाटत नाही का.

‘चुना आहे गं पोरी,’ ते म्हणाले. ‘ओल्या चुन्यावर रंग दिलाय. माझा बा असाच गेरूचा पट्टा ओढायचा, गिलावा ओला असताना. तो कधी निघत न्हाई, भिंतीचंच अंग होतं ते. आणि मी पोरांना खरवडायला लावलं.’

मला तेव्हा त्यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी मग शांतपणे समजावून दिलं. ओला गिलावा एका दिवसात चित्र होईल एवढाच लावायचा. तो सुकायच्या आत रंग द्यायचा, म्हणजे चुना रंगाला पोटात घेतो. सुकला की संपलं, मग चूक सुधारता येत नाही, तेवढा तुकडा फोडून पुन्हा लावायचा. अशा भिंतीवर आपण प्लास्टिकचा रंग फासला, तिचा श्वास कोंडला, म्हणून ती आता अंग टाकते आहे. हे सगळं मला ठाऊक होतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. चार दिवस त्या खुर्चीवर बसलो आणि एकदा उठून हात लावला नाही.

त्या दिवसापासून काका बदलले. चेष्टामस्करी आटली. कुणाच्या घरी गेले तर भिंतीला हात लावीनासे झाले, हे माझ्या आधी नितीनच्या लक्षात आलं. मला मात्र त्यांनी सोडलं नाही. ही चित्रं कुणी काढली ते शोधून दे, एवढंच मागणं. मी गावच्या लायब्ररीत जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी जुनी वर्तमानपत्रं काढून दिली आणि ओरेस्ते बेलमोंदी आम्हाला भेटला. ब्रशांची पेटी घेऊन बोटीतून उतरलेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या देवळांत मचाणावर पाठ टेकून काम केलेला माणूस. एका धुरकट फोटोत तो बादलीत काहीतरी ढवळत उभा होता. काकांनी तो फोटो माझ्याकडून प्रिंट करून घेतला आणि उशीखाली ठेवला, असं संदीप सांगत असे. तो चुना मुरवतोय, काका म्हणायचे, बघ काठी कशी धरलीय.

मग त्यांनी हॉल पावलांनी मोजला. एका दिवसाला एवढा तुकडा, मग सगळ्या भिंतींना किती दिवस, असा वहीत हिशोब मांडला. वर्षाहून जास्त निघाले. आपल्याला चार दिवस लागले, एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर घरोघर फिरून त्यांनी फोटो गोळा केले. चाव्या मिळाल्याच्या दिवशी ज्याने ज्याने फोटो काढले होते, त्याच्या दारात काका हजर. पण प्रत्येक फोटोत आम्हीच. मिलिंदच्या खांद्यामागे अर्धा पंख, माझ्या डोक्याआड एका संताची दाढी, नितीनने वर केलेल्या दोन बोटांमागे कुणाचं तरी पाऊल. काकांनी ते सगळे भिंगातून पाहिले आणि नीट पाकिटात घालून परत केले. त्यांच्याच आग्रहाने जुन्या भिंती दुरुस्त करणाऱ्या एक जाणकार बाई येऊन गेल्या. त्यांनी एक कोपरा तपासला आणि सांगितलं की पात्यांनी बरंच नेलं आहे. जे उरलंय ते रंगाबरोबर निघून येईल. त्या फार चांगल्या शब्दांत बोलल्या. काकांनी मान हलवली, त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेले.

तेव्हा पाटीची कल्पना निघाली. इतिहास समितीकडे अर्ज करता येतो, हे लायब्ररीतल्या बाईंनीच सांगितलं. मंडळाला कल्पना फारच आवडली. गावात आपलं नाव होईल, मेयर येईल. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सेक्रेटरी. काकांनी त्यात एक वाक्य सांगितलं, शेवटचं. ही चित्रं आम्ही, या इमारतीच्या नव्या मालकांनी, न ओळखता खरवडली आणि रंगाखाली घातली, असं. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत घातलं.

कमिटीच्या मीटिंगमध्ये मिलिंदने ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला. काका, तुमचा हेतू ग्रेट आहे, तो म्हणाला, पण दिवस कसले आहेत बघा. उद्या पेपरात येईल की इंडियन्सनी चर्च पुसलं. आपली मुलं इथे शाळेत जातात. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या महिन्यातच कुणीतरी आमच्या मेलबॉक्सवर काहीबाही लिहून ठेवलं होतं. दोघे-तिघे त्याच्या बाजूने बोलले. काका सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाले, ‘लिहायचं तर पुरतं लिहा. न्हाईतर पाटी नको. त्या माणसाचं नाव लावायचं आणि त्याचं काम कुठं गेलं ते झाकायचं, म्हणजे दुसऱ्यांदा पांढरा हात मारल्यासारखं आहे.’ मीटिंग काही न ठरता उठली. जाताना मिलिंद मला बाजूला घेऊन म्हणाला, अनघा, तू समजदार आहेस.

मी समजदार निघाले. अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी मी ते वाक्य काढून टाकलं. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. तिच्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. दोन दिवसांनी काकांचा फोन आला. ‘घातलंस ना गं?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो काका. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पाटी तयार होऊन यायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत ते चार वेळा तरी आमच्याकडे जेवले. मला तोंड उघडायला जागा भरपूर होती.

अनावरणाला ऊन लख्ख होतं. मेयर आले, ढोलताशा झाला, लेझीम झालं. लायब्ररीतल्या बाईंनी एक पाहुणी शोधून आणली होती: ओरेस्ते बेलमोंदीची मुलगी. मिसेस रीटा, नव्वदीला टेकलेल्या, चाकाच्या वॉकरला धरून चालणाऱ्या, निळ्या कोटातल्या. मिलिंदने त्यांना शाल घातली. पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि लोक समोशांकडे वळले. काका पाटीपाशी एकटेच उभे राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येई, पण सावकाश. ते अक्षरांवरून बोट फिरवत वाचत होते. पाचव्या ओळीच्या शेवटी बोट थांबलं. त्यांनी पाटीच्या मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग त्यांनी गर्दीत मला शोधून काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या ट्रेमधले समोसे सारखे करत होते.

मिसेस रीटांना आत जायचं होतं. मिलिंद म्हणत होता, आधी जेवून घेऊ, आत खुर्च्या लावायच्यात, हॉल पसरलाय. काका पुढे झाले आणि त्यांनी वॉकरच्या वेगाने चालत त्यांना आत नेलं. मी मागून गेले, कारण न जाणं मला जमलं नाही.

आत सगळं पांढरं होतं. त्या दारातच थांबल्या. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं; चित्रांची काळजी घेतली जात आहे, असं त्यांना पत्रात कळवलेलं होतं, आणि ते पत्रही माझंच. त्या वॉकर ढकलत सरळ डाव्या भिंतीच्या तिसऱ्या खिडकीपाशी गेल्या आणि खिडकीच्या वर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, इथे मी होते. नऊ वर्षांची. बाबांनी मला पंख लावून त्या खिडकीत बसवलं होतं. थंडीचे दिवस होते, चुन्याच्या वासाने डोकं दुखायचं, मी रडले होते. त्यांनी माझा चेहरा एका दिवसात केला, कारण चेहरा दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही. नंतर प्रत्येक रविवारी मी या बाकावर बसून स्वतःला बघायची.

काकांनी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. शब्द कमी होते, म्हणून काही लपवायला वावही नव्हता. मी सांगितलं, ते म्हणाले. माझ्या सांगण्यावरून पोरांनी खरवडलं. मला चुना कळतो, तरी मी हात लावला नाही. हे सांगताना त्यांनी आपला हात पुढे करून दाखवला.

मिसेस रीटांनी तो हात पाहिला आणि मग काकांच्या तोंडाकडे पाहून विचारलं, ‘पुसायच्या आधी तुम्ही मला पाहिलं होतं का?’

हो म्हणायला काय जात होतं? नव्वदीची बाई, दोन तासांनी परत जाणार. मी असते तर नक्की हो म्हटलं असतं. पंख, निळा झगा, फार सुंदर होतात, असंही वर म्हटलं असतं.

‘नाही,’ काका म्हणाले. ‘खुर्ची दुसऱ्या बाजूला तोंड करून होती. मी बघितलं नाही.’

मिसेस रीटांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग असावा, किंवा दोन्ही असेल. मला त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघवलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, मग हे बाहेरच्या पाटीवर का नाही?

मी तीन पावलांवर उभी होते. आता ते माझ्याकडे बोट करतील, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्यांनी करावं असंही वाटलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं इंग्लिश कच्चं आहे, ते म्हणाले, माझ्याकडून लिहायचं राहून गेलं. मिसेस रीटा म्हणाल्या, राहून जायला नको होतं. काका म्हणाले, होय, राहायला नको होतं. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते बोलले नाही.

त्या जेवायला थांबल्या नाहीत. काकांनी त्यांना गाडीपर्यंत पोहोचवलं, वॉकर घडी करून मागे ठेवला आणि गाडी वळेपर्यंत उभे राहिले. मग हॉलच्या पायरीवर येऊन बसले. पुढच्या महिन्यात ते कराडला जायचे होते, कायमचे. ते मला तेव्हा माहीत नव्हतं. माफी मागायची होती, पण आजूबाजूला माणसं होती, लेझीमवाली पोरं कपडे बदलून धावत होती. मी आत जाऊन चहा घेऊन आले. काकांना डायबेटिस, त्यांचा चहा मी नेहमी वेगळा करायची, आणि कुठल्याही कार्यक्रमात ते फक्त माझ्या हातचा कप घ्यायचे, बोलता बोलता, कपाकडे न बघता.

मी कप पुढे केला. त्यांनी घेतला.

‘बिनसाखरेचा आहे ना?’ त्यांनी विचारलं.

‘हो काका,’ मी म्हटलं.

ते क्षणभर कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी कप ओठांपाशी नेला, जिभेच्या टोकाने जेमतेम एक थेंब चाखून पाहिला, थांबले, आणि नंतरच चहा प्यायले.